बाहेर ठेवलेली माचिस

मार्तंड गायधने घराबाहेर पडताना आधी शर्टाचे आणि मग पँटचे खिसे चाचपतात. बहुतेक माणसं काही राहिलं तर नाही ना, हे बघतात. मार्तंडकाका काही सोबत आलं तर नाही ना, हे बघतात.

त्यांची छत्तीस वर्षं सावनेरजवळच्या कोळशाच्या खाणीत गेली. चोविसाव्या वर्षी कोळसा भरायला लागले आणि नऊ वर्षांनी परीक्षा देऊन मायनिंग सरदार झाले. सरदाराने पाळी सुरू होण्याआधी आत जाऊन छत आणि हवा तपासायची, आणि सगळे निघाल्यावर शेवटी बाहेर यायचं. खाणीच्या तोंडाशी दोन गोष्टी कधी चुकत नसत. प्रत्येकाने आपल्या नंबरचा पितळी बिल्ला फळीवरच्या खिळ्याला लावायचा आणि बाहेर आल्यावर काढून घ्यायचा. फळीवर बिल्ला उरला, तर माणूस आत आहे. दुसरी गोष्ट झडतीची. आत वायू असतो, म्हणून माचिसची एक काडीही न्यायची नाही.

"लोकांच्या बायका पगाराच्या दिवशी नवऱ्याचे खिसे पाह्यतात," प्रेमिलाकाकू सांगतात. "मी रोज पाह्यची. 'काडी नाही ना?' म्हणायची, मंगच डबा हातात द्यायची."

निवृत्त होऊन काकांना तीन वर्षं झाली. आता ते झिंगाबाई टाकळीला राहतात, पहाटे गोरेवाड्याच्या तलावापर्यंत चालत जातात आणि नऊच्या आत परत येतात. मग दिवस उरतो. डावा कान खाणीतल्या स्फोटांनी अधू झालेला, त्यामुळे टीव्ही मोठ्याने लागतो आणि घरातलं कोणी ना कोणी तो लहान करतं.

त्यांची मुलगी श्वेता शाळेत विज्ञान शिकवते. ती, आर्यन, हर्षा आणि मी अशी चौघं दोन वर्षांपासून हिवाळ्यात पाठीवर सामान घेऊन सातपुड्यात जातो. आर्यन एका आर्किटेक्टकडे काम करतो. वाटा ठरवणं, नकाशे काढणं त्याचं. हर्षा नरखेडकडची, नागपुरात नर्स आहे. या हिवाळ्यात आम्ही चार तारखा ठरवल्या होत्या. एकदा मी श्वेताकडे गेले तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या चारही तारखांना निळ्या पेनाने गोल केलेले दिसले. पेन काकांचं होतं. त्यांना अजून कोणी 'चला' म्हटलेलं नव्हतं.

"बाबा, ही एक बारी चला," श्वेता शेवटी म्हणाली. "पण तुमच्यामुळं कोणाले त्रास झाला तर पुढच्या बारीले मी विचारणार नाही. आर्यनले मी तोंड देऊ शकत नाही."

"मंजूर," काका म्हणाले. "मले काम द्या पण. रिकाम्या हातानं मी कुठंच जात नाही."

श्वेताने विचार करून त्यांना सगळ्यांत हलकं काम दिलं. दोन माचिस आणि एक लायटर, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. आमच्या छोट्या गॅसच्या शेगडीसाठी. जंगलात शेकोटीला मनाई असते, पण कपारीच्या आत उघड्या दगडावर आम्ही शेगडीवर खिचडी आणि चहा करायचो. त्याच्यावरच रात्र निघायची.

डिसेंबरातल्या एका शनिवारी पहाटे चारला आम्ही निघालो. दारात काकूंनी सवयीने विचारलं, "काडी नाही ना खिशात?"

"आज हाय," काका हसले. "आज पायजे."

सावनेर मागे पडताना त्यांनी जीपच्या काचेतून लांबचा एक दिवा दाखवला. "तिथून खाली जात होतो." एवढंच. मग सौंसर, छिंदवाडा, आणि तामियाच्या पुढे रस्ता डोंगरात शिरला. करिया पहाड नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी जीप थांबली तेव्हा नऊ वाजून गेले होते. बेत साधा होता. दिवसभर चढायचं, वरच्या कपारीत झोपायचं आणि दुसऱ्या दिवशी पलीकडच्या अंगाने उतरायचं. ड्रायव्हर कवडूभाऊ जीप वळसा घालून पलीकडच्या गावात आणणार होते.

चालायला सुरुवात करण्याआधी काकांनी पिशवीतून पाच पितळी बिल्ले काढले. आमच्यासाठी त्यांनी ते इतवारीच्या बाजारातून करून आणले होते, एक ते पाच आकडे ठोकून.

"एकेक घ्या आन कवडूजवळ द्या. उद्या ज्याचा त्यानं घ्यायचा. चार वाजल्यावर एखादा उरला, तर कवडूले समजन का कोण आत राहिलं."

"आत म्हणजे कुठं गा, काका?" हर्षा म्हणाली. "आपण तं वर चाललो."

"तेच ते."

आर्यनला ही कल्पना मनापासून आवडली. त्याने सगळ्यांत आधी आपला बिल्ला दिला. कवडूभाऊंनी पाचही बिल्ले आरशाला दोऱ्याने टांगले. मी बुटांची नाडी बांधत होते. काकांनी दोन्ही खिसे चाचपले, काहीतरी काढलं आणि जीपच्या पुढच्या कप्प्यात ठेवलं, हे मला दिसलं. इतक्या सहज ठेवलं की बघूनही माझ्या लक्षात आलं नाही.

काका चांगले चालले. त्यांच्या हातात बांबूची काठी होती, खाली लोखंडी कडं बसवलेली. चढावर ते बोलत नसत, आणि थांबायचं तेव्हा आमच्या आधी कधीच थांबले नाहीत. दुपारी एका झऱ्यावर आम्ही संत्री सोलली. हर्षाने घरच्या बागेतली आणली होती.

"कशी चालली तुमची ड्युटी?" तिने विचारलं.

"मस्त. इथं हवा तपासा लागत नाही."

श्वेता हसली. सकाळपासून तिचे खांदे ताठ होते. ते तेव्हा जरा सैल झाले.

साडेचारला आम्ही कपारीशी पोचलो. डोंगराच्या कड्याखाली वाळूखडकाची ती मोठी ओसरीच आहे. दहा माणसं सहज झोपतील एवढी जागा, वर दगडाचं सपाट छत, मागे वारा अडवणारी भिंत. जमिनीवर शेळ्यांच्या लेंड्या पडलेल्या. खालच्या गावातली गुराखी मुलं दुपारची इथे टेकतात. आर्यन याआधी तीनदा इथे राहिला होता. त्याने पाठीवरची बॅग टाकली, शेगडी मांडली आणि हात पुढे केला.

"काका, माचिस."

काकांनी शर्टाचा खिसा पाहिला, पँटचे पाहिले, बॅग उघडली. मग ते उभे राहिले आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलला.

"जीपमधी," ते म्हणाले. "म्या काढून ठेवली."

"काढून ठेवली? काहून?" श्वेताने विचारलं.

"आत जाच्या आधी काढून ठेवतो ना मी."

सूर्य खाली चालला होता आणि दगड आत्ताच गार लागत होता. "मी ठेवताना पाहिलं," मी सांगितलं. "माझ्या डोक्यातच आलं नाही." त्याने कोणाचं काही बरं झालं नाही. आर्यनने टॉर्चचा सेल आणि चॉकलेटच्या कागदाची चांदी लावून ठिणगी पाडायचा प्रयत्न केला. दोनदा बोट भाजलं, गॅस काही पेटला नाही.

"आयुष्यात पहिल्यांदा वाटून राहिलं," हर्षा म्हणाली, "का आपल्यात एखादा बिडी पेणारा पायजे होता."

"खर्रा हाय मायाकडं," काका म्हणाले. खाणीत धूर चालत नाही, म्हणून तिथले लोक तंबाखू चघळतात. काकांची ती सवय अजून होती.

"काका, खर्रा पेटवून खिचडी होते का?"

हसू आलं, पण ते लवकर संपलं. आर्यन कोपऱ्यात बसून पोळ्या मोजल्यासारख्या उलगडत होता आणि मान वर करत नव्हता. श्वेता वडिलांकडे बघत नव्हती. कॅलेंडरवरचे उरलेले तीन गोल मला त्या वेळी स्पष्ट दिसले, आणि ते काकांनाही दिसत असणार.

तेवढ्यात काठीचा आवाज आला. टण. पुन्हा टण.

काका छत ठोकत होते. उजव्या हाताने काठीचं कडं दगडावर मारायचे आणि डाव्या हाताची बोटं शेजारीच छताला टेकवून ठेवायचे. कडेकडेने आवाज स्वच्छ येत होता, पितळी भांड्यासारखा. मधोमध आले, आणि आवाज बसला. डब. त्यांनी बोटं सरकवली, परत मारलं. डब. चार पावलं मागे, चार पुढे. मग त्यांनी काठी खाली घेतली.

"इथं झोपाचं नाही," ते म्हणाले. "सामान उचला."

आर्यनने पहिल्यांदा मान वर केली. "काका, मी इथे तीनदा झोपलोय."

"तवा ठोकून पाह्यलं होतं?"

"नाही."

"मंग तुले माहीत नाही. तू फक्त झोपला."

"हा दगड हजारो वर्षांचा आहे."

"असंल. त्याचा खालचा पापुद्रा सुटला हाय. एवढ्या जागेत." त्यांनी काठीने हवेत एक खाट काढली. "बोटाले समजते. चांगलं छत थरथरत नाही."

"बाहेर तीन-चार डिग्री होईल रात्री. शेगडी नाही. ही भिंत तरी आहे." आर्यनचा आवाज चढला नव्हता, उलट फार सावध झाला होता. "आणि तुमचा कान, काका. सॉरी, पण..."

"कान नाही. बोट म्हणून राहिलो मी."

आता श्वेता बोलली. तिने ते शब्द बराच वेळ धरून ठेवले असावेत. "बाबा, सकाळी तुम्ही म्हणाले माचिस खिशात हाय. आता तुम्ही म्हणता छत खराब हाय. आम्ही काय समजाव?"

काका चिडतील, असं मला वाटलं होतं. ते चिडले नाहीत. त्यांनी स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिलं.

"माचिस म्या डोक्यानं नाही ठेवली वं," ते म्हणाले. "हातानं ठेवली. डोक्याले माहीत होतं का आज पायजे. तुयी मायही बोलली दारात. पण आत जाची येळ आली आन हातानं आपलं काम केलं. छत्तीस वर्षांत एक बारी नाही चुकला तो. आता तोच हात सांगून राहिला का इथं झोपू नका. ते खरं धरलं तं हेही खरं धरा लागन."

श्वेता उभी राहिली आणि तिने आपली बॅग पाठीवर घेतली. मग हर्षाने, मग मी. आर्यन बसून राहिला.

"तुम्ही जा," तो म्हणाला. "मी इथेच झोपतो. वाटल्यास कडेला."

"बरं," काका म्हणाले. त्यांनी आपली बॅग बाहेर ठेवली आणि परत आत जाऊन आर्यनच्या शेजारी बसले. मधोमध, नेमक्या त्या डब वाजणाऱ्या जागेखाली, मांडी घालून.

"काका, हे काय?"

"माणूस आत असला का सरदार बाहेर नाही जात. तसा कायदाच हाय. तू झोप, मी बसतो."

"बाबा," श्वेता बाहेरून म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

"काही नाही होत. तू लांब हो जराशी."

ते दोघं तसे किती वेळ बसले, सांगता येणार नाही. मला तो फार वाटला. काकांनी खर्र्याची पुडी काढली, हातावर थोडा घेतला आणि आर्यनपुढे धरला. आर्यनने मान हलवली. मग त्याने वर छताकडे पाहिलं, शेजारी काकांकडे पाहिलं आणि शेगडी पिशवीत घातली.

"उठा," तो म्हणाला. "तुमच्यासाठी उठतोय मी. दगडासाठी नाही."

"चालते," काका म्हणाले आणि त्याच्या मागून, शेवटी, बाहेर आले.

शंभरेक पावलांवर एक मोठा धोंडा होता, त्याच्या आडोशाला वारा कमी लागत होता. त्यानंतरची सगळी व्यवस्था काकांनी केली. वाळक्या सागाच्या पानांचा गुडघाभर थर, त्यावर एक ताडपत्री, त्यावर झोपायच्या पिशव्या खेटून लावल्या, वरून दुसरी ताडपत्री. उजेड होता तोवर पोळ्या, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन घेतली. पाचांच्या ओळीत कडेच्या दोघांना थंडी जास्त, म्हणून त्यांनी पाळ्या लावल्या. तासाने घड्याळ बघायचे आणि म्हणायचे, "बदला." कडेचे मध्ये, मधले कडेला. आम्ही झोपेत सरकायचो.

एका पाळीला हर्षा म्हणाली, "काका, असं कधी झालं का, का तुम्ही म्हटलं छत खराब आन खरंच पडलं?"

"दोनदा."

"आन पडलं नाही असं?"

"लय बारी. एकदा म्या एक जागा बंद करवली. त्या महिन्यात आमच्या टोळीचं काम सगळ्यात कमी भरलं. लोकं मायाशी बोलत नव्हते. श्वेताच्या वाढदिवसाले एकही जण आला नाही."

"मले आठवते," ओळीच्या दुसऱ्या टोकावरून श्वेता म्हणाली. "आईनं बत्तीस जणांचा चिवडा केला होता. आम्ही पंधरा दिवस खाल्ला."

"मंग किती दिवसांनी पडलं ते?" हर्षाने विचारलं.

"नाही पडलं. अजूनही उभं असंल."

आर्यनला हसू फुटलं. पिशवीत तोंड घालून तो हसत होता आणि ते हसणं सगळ्या ओळीत शिरलं.

पहाटे ताडपत्रीवर गोठलेल्या दवाचा पांढरा पापुद्रा धरला होता. माझी बोटं वळत नव्हती, पण पाचही जण धड होते. उजेड झाला तशी आर्यनने कपारीकडे धाव घेतली. आम्ही मागून गेलो.

छत जसंच्या तसं होतं. एक खडाही खाली पडलेला नव्हता. लेंड्या होत्या तिथेच.

"पडलं का काही?" हर्षाने विचारलं.

"नाही," आर्यन म्हणाला. तो काकांकडे वळला. त्याला काय म्हणायचं होतं ते त्याचं त्यालाही ठरवता येत नसावं.

"बरं झालं," काका म्हणाले. "पडावं असं मले कधीच वाटत नाही."

त्यांच्या बोलण्यात माघार नव्हती आणि ताठाही नव्हता. दाढीवर हात फिरवत ते कालच्याच जागेकडे बघत होते, कालच्याच खात्रीने. मग ते दोन लांब वाळक्या फांद्या शोधून घेऊन आले.

"खाणीत बंद जागेच्या तोंडावर आडवी फुली लावतात. पोरं येतात इथं शेळ्या घेऊन. त्याहिले समजाव."

फांद्या एकमेकींवर ठरत नव्हत्या. आर्यनने जवळ येऊन आपल्या बॅगेची दोरी सोडली. ही दोरी तो कोणाला हात लावू देत नसे. त्याने विचारलं, "किती उंच?"

"कंबरेएवढी."

दोघांनी मिळून फुली बांधली. बांधून झाल्यावर आर्यनने काठी मागून घेतली. फुलीच्या बाहेरूनच, कडेच्या छताला डावा हात लावून त्याने ठोकलं. टण. मग हात जेवढा पोचेल तेवढा आत लांबवून, पुन्हा. तो बराच वेळ बोटं तिथेच धरून उभा होता.

"लागते?" काकांनी विचारलं.

"काहीतरी लागतंय," तो म्हणाला. "नक्की नाही सांगता येत."

"सहा महिने लागतात. मले तं वर्ष लागलं होतं."

उतार सोपा होता. खालच्या गावात काकांनी दोन घरांत जाऊन कपारीबद्दल सांगितलं. एका म्हातारीने नीट विचारून घेतलं की नेमकं कुठे, आणि काकांनी अंगणातल्या मातीवर काठीने काढून दाखवलं. बाराच्या सुमारास जीप दिसली. कवडूभाऊंनी आरशावरचे बिल्ले सोडून एकेकाला दिले. श्वेताने पुढचा कप्पा उघडला. प्लास्टिकची पिशवी जिथल्या तिथे होती.

शेगडी पेटली आणि पाच कप चहा झाला. काका कप दोन्ही हातांत धरून जीपच्या पायरीवर बसले होते, कोणाकडे न बघता. काम झालेल्या माणसासारखे नाही, निकालाला थांबलेल्या माणसासारखे. हात पुढे करून ते म्हणाले, "बिल्ले द्या. जमा करतो."

हर्षाने दिला, मी दिला. आर्यनने आपला बिल्ला किल्ल्यांच्या कडीत अडकवला. "हा राहू द्या माझ्याकडे. जानेवारीत परत आणायचाच आहे."

काकांनी श्वेताकडे पाहिलं. ती माचिसची पिशवी आपल्या बॅगेत कोंबत होती.

"जानेवारीत माचिस मायाजवळ," ती म्हणाली.

"आन मायाजवळ?"

"बिल्ले. आन काठी आणजा."

काकांनी उरलेला चहा एका घोटात संपवला. सावनेर येईपर्यंत ते गाढ झोपले होते, डोकं काचेला टेकून.

संध्याकाळी झिंगाबाई टाकळीला आम्ही त्यांना सोडलं. काकू दारात आल्या. काकांच्या हातातली बॅग घेतली, चेहरा बघितला, गालाला हात लावून पाहिला.

"लय गारठले. वर चहा-बिहा घेतला का नाही?"

"नाही जमला."

"काहून?"

"माचिस बाहेर ठेवली होती."

"मंग बरोबर," काकू म्हणाल्या आणि पाणी तापवायला आत गेल्या.